नैतिक गुंतवणुकीची रेघ कुठे थांबते?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेचा काही भाग ईएसजी, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार या निकषांवर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात ठेवावा, असे मुलगा सुचवतो. पण अशा फंडांत काय घेतात आणि काय वगळतात हे पाहिले, तर तत्त्वे सोयीने निवडल्यासारखी वाटतात. सिगारेट कंपनी चालत नाही, पण तिला कर्ज देणारी बँक चालते. ही टीका रास्त आहे का, आणि असेल तर अशा फंडांत पैसे ठेवण्यात अर्थ आहे का?’

गुंतवणूक-विश्लेषणाच्या कामात माझी बावीस वर्षे गेली आणि त्यांतली काही वर्षे, कोणती कंपनी ‘जबाबदार’ म्हणून फंडात घ्यायची, हे ठरवणाऱ्या समितीत बसण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो की आपली शंका रास्त आहे. मात्र निवड करणे हा मूळ दोष आहे असे मला वाटत नाही. चातुर्मासात कांदा-वांगे सोडणाऱ्याला ‘मग बटाटा कसा चालतो’ असे आपण विचारत नाही, कारण व्रत म्हटले की त्याला मर्यादा आलीच. पण काशीयात्रेला गेल्यावर आवडीचा एक पदार्थ कायमचा सोडण्याची जुनी चाल आहे, आणि तिथे जाऊन कारले सोडून येणारी माणसेही आपल्या पाहण्यात असतात. जबाबदार गुंतवणुकीवरचा माझा आक्षेप त्या कारल्याचा आहे. वगळण्याच्या यादीची रेघ फार वेळा नेमकी तिथे थांबते, जिथून पुढे ती पाळायला गुंतवणूकदाराला स्वतःचे पैसे मोजावे लागले असते.

उघडउघड ढोंगी फंडावर टीका करणे सोपे असते, म्हणून मी मुद्दाम या क्षेत्रातल्या सर्वांत प्रामाणिक समजल्या जाणाऱ्या फंडाचे उदाहरण घेतो, ते म्हणजे नॉर्वेचा सरकारी पेन्शन फंड. उत्तर समुद्रात १९६९ मध्ये एकोफिस्क येथे मोठा तेलसाठा सापडला, तेलाचे उत्पन्न पुढच्या पिढ्यांसाठी साठवण्याकरिता १९९० मध्ये कायदा झाला, १९९६ मध्ये पहिली रक्कम जमा झाली, आणि आज जगभरातल्या नोंदणीकृत कंपन्यांच्या समभागांपैकी सरासरी सुमारे दीड टक्का या एका फंडाच्या मालकीचा आहे. २००४ पासून त्याला नैतिक मार्गदर्शक तत्त्वे लागू आहेत. एक स्वतंत्र नीतिपरिषद कंपन्यांची चौकशी करून शिफारशी करते, आणि वगळलेल्या कंपन्यांची नावे कारणांसह जाहीर केली जातात. ओडिशातील लांजीगडचा अ‍ॅल्युमिना कारखाना आणि तमिळनाडूतील तुतिकोरिनचा तांब्याचा प्रकल्प यांचा कागदोपत्री अभ्यास करून २००७ मध्ये या फंडाने वेदान्त या खाण-धातू कंपनीला वगळले. तो अहवाल मी वाचला आहे, आणि आपल्याकडच्या कोणत्याही फंडाने भारतीय कंपनीवर इतके काटेकोर काम केलेले मी पाहिलेले नाही.

२०१० मध्ये याच फंडाने सतरा तंबाखू कंपन्या वगळल्या, त्यांत आपली आयटीसी होती. कोळशाबाबतचा निकष लागू झाल्यावर २०१६ मध्ये जी पहिली मोठी यादी निघाली, तिच्यात सरकारी वीजकंपनी एनटीपीसी होती आणि मुंबईला पिढ्यान्‌पिढ्या वीज पुरवणारी टाटा पॉवरही होती. आता गंमत पाहा. टाटा पॉवरच्या ट्रॉम्बे केंद्राच्या धुरांड्यातून निघणारा धूर या यादीत बसतो, आणि नॉर्वेच्या समुद्रातून निघून युरोपच्या घराघरांत जळणारा वायू बसत नाही. कोळसा हा वायूपेक्षा अधिक प्रदूषक आहे, हे खरेच, आणि समितीतला कोणीही तो फरक आकड्यांनिशी पटवून देईल. परंतु नॉर्वेची स्वतःची वीज बहुतांशी धरणांवर तयार होते आणि तिथल्या सरकारचा पैसा तेल-वायूतून येतो, हेही त्या रेघेच्या जागेचे स्पष्टीकरण आहे. २०१९ मध्ये केवळ तेल शोधून काढण्याचे काम करणाऱ्या काही कंपन्या विकायचे ठरले, तेव्हा सरकारने दिलेले कारण नैतिकतेचे नव्हते. देशाची सगळी मिळकत तेलाच्या भावावर अवलंबून राहू नये, असा तो साधा जोखमीचा हिशेब होता, आणि शेल, बीपी यांसारख्या मोठ्या तेल कंपन्या फंडात तशाच राहिल्या. सरकारने निदान कारण खरे सांगितले, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे.

शस्त्रांच्या बाबतीत विसंगती आणखी स्पष्ट आहे. अण्वस्त्रांच्या उत्पादनाशी संबंध असल्यामुळे लॉकहीड मार्टिन आणि बीएई सिस्टिम्स या कंपन्यांचे समभाग हा फंड घेत नाही. त्याच नॉर्वेच्या सरकारने लॉकहीडकडून बावन्न एफ-३५ लढाऊ विमाने घेतली आणि २०२५ मध्ये युद्धनौकांसाठी बीएईची निवड केली. अण्वस्त्रे बनवणाऱ्या कंपनीचा समभाग निषिद्ध आहे, पण ती अण्वस्त्रे विकत घेऊन बाळगणाऱ्या अमेरिकी सरकारचे रोखे मात्र फंडाकडे मोठ्या प्रमाणात आहेत, कारण ते रोखे सोडले तर इतक्या मोठ्या रकमेला ठेवायला दुसरी जागाच नाही. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये, पॅलेस्टिनी भागातल्या हक्कभंगांशी संबंध असल्याच्या कारणावरून, फंडाने बुलडोझर बनवणारी अमेरिकी कंपनी कॅटरपिलर आणि काही इस्रायली बँकांना वगळले आणि त्यावर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने नाराजी व्यक्त केली. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये नॉर्वेच्या संसदेने नवी वगळणूक तात्पुरती थांबवून नियमांचा फेरविचार करण्याचा निर्णय घेतला. हेच निकष तसेच पुढे नेले तर अमेरिकेतल्या बलाढ्य तंत्रज्ञान कंपन्याही विकाव्या लागतील, ही भीती सरकारने उघडपणे मांडली होती, आणि त्या कंपन्या तर फंडाच्या सर्वांत मोठ्या गुंतवणुकींपैकी आहेत. वेदान्त वगळताना असा फेरविचार करावा लागला नव्हता, कारण तिचा फंडातला हिस्सा नगण्य होता.

इथे एक गोष्ट फंडाच्या बाजूनेही सांगतो. वगळलेल्या कंपन्यांमुळे परताव्यावर काय परिणाम झाला, याचा हिशेब तो स्वतःच प्रसिद्ध करतो, आणि तंबाखू व शस्त्रे वगळल्यामुळे आपला परतावा घटला, हेही त्यात लपवलेले नाही. म्हणजे काही ठिकाणी त्याने किंमत मोजली आहे. इतका काटेकोर फंडही जर एका टप्प्यावर थबकतो, तर बाजारात ‘हरित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाकीच्या योजनांची रेघ कुठे थांबत असेल, याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. जर्मनीतल्या डीडब्ल्यूएस या मोठ्या फंडगृहाने आपण गुंतवणुकीत ईएसजी निकष किती काटेकोरपणे वापरतो याविषयी दिशाभूल करणारी विधाने केल्याबद्दल अमेरिकेच्या रोखे नियामकाने २०२३ मध्ये त्याच्या अमेरिकी उपकंपनीला १ कोटी ९० लाख डॉलरचा दंड केला. तिथे रेघ ओढण्याचे काम केवळ जाहिरातीत झाले होते.

आता मानांकनांविषयी, कारण सामान्य गुंतवणूकदाराची सर्वांत मोठी गैरसमजूत तिथे आहे. ईएसजी मानांकन म्हणजे ती कंपनी जगाचे किती भले किंवा बुरे करते याचे मोजमाप, असे बहुतेकांना वाटते. प्रमुख मानांकन संस्थांपैकी एमएससीआय ज्या पद्धतीने काम करते, तीत प्रश्न उलटा असतो. पर्यावरणीय आणि सामाजिक घडामोडींमुळे या कंपनीच्या नफ्याला किती धोका आहे आणि तो धोका ती कसा हाताळते, हे त्यात पाहिले जाते, आणि तेही त्याच उद्योगातल्या इतर कंपन्यांच्या तुलनेत. त्यामुळे सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीला वर्षानुवर्षे ‘एए’ हे उच्च मानांकन मिळते, यात पद्धतीच्या दृष्टीने काहीच चूक नाही. पाणी, कचरा आणि वनीकरण या बाबतींत कंपनीचे काम खरोखर चांगले आहे. पण मानांकनातली ती दोन अक्षरे पाहून ‘ही सज्जन कंपनी’ असा अर्थ काढणाऱ्या गुंतवणूकदाराची फसगत होते. २०२२ च्या मे महिन्यात एस अँड पी ५०० या मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या निर्देशांकाच्या ईएसजी आवृत्तीतून विजेवर चालणाऱ्या मोटारी बनवणारी टेस्ला बाहेर पडली, आणि एक्झॉनमोबिल ही तेल कंपनी आत राहिली. टेस्लाच्या कारखान्यातल्या वंशभेदाच्या तक्रारी हे त्यामागचे एक कारण होते, आणि ते कारण क्षुल्लक नव्हते. वर्षभराने टेस्ला पुन्हा आत आली. वेगवेगळ्या संस्थांची मानांकने एकमेकांशी किती जुळतात, याचा एमआयटीतल्या संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा सरासरी सहसंबंध ०.५४ एवढाच निघाला (पूर्ण जुळले तर तो १ असतो). कर्जफेडीच्या पतमानांकनांत विविध संस्थांची मते जवळजवळ एकसारखी असतात. इथे मात्र एकीची आदर्श कंपनी दुसरीच्या यादीत काठावर असते. ज्या संस्थेची यादी आपल्या पोर्टफोलिओला, म्हणजे फंडातल्या समभागांच्या संचाला, सोयीची असेल ती निवडायला फंड व्यवस्थापक मोकळा असतो, आणि तो ती निवडतोही. मी स्वतः ते केले आहे.

तोच आयटीसी समभाग तीन ठिकाणी तीन रूपे घेतो, हे लक्षात घ्या. नॉर्वेला तो निषिद्ध आहे, मानांकन संस्थेला तो आपल्या उद्योगातला उत्तम आहे, आणि आपल्या आयुर्विमा महामंडळाकडे त्याचा सुमारे १५ टक्के हिस्सा आहे. भारताने जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारावर सही करून २००४ मध्ये त्याला मान्यता दिली. अशा देशातल्या सरकारी विमा कंपन्यांनी विमाधारकांचा पैसा तंबाखूत का ठेवावा, असा प्रश्न उपस्थित करणारी जनहित याचिका २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली होती. आपल्याकडे एलआयसीची जुनी पॉलिसी असेल, तर सिगारेटच्या धंद्यात आपला अल्पसा वाटा कधीचाच आहे, आणि त्यासाठी कोणी आपली संमती मागितली नव्हती.

समितीत रेघ कशी ओढली जाते, हे एका प्रसंगावरून सांगतो. कंपनीचे आणि फंडगृहाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आमच्यापुढे महाराष्ट्रातली एक साखर कंपनी आली. आमच्या नियमाप्रमाणे, मद्यातून पाच टक्क्यांहून अधिक उत्पन्न असलेली कंपनी बाद होत असे. कंपनीची मळीवर चालणारी डिस्टिलरी होती. तिच्यातून पेट्रोलमध्ये मिसळण्याचे इथेनॉल निघत असे, आणि देशी-विदेशी दारू बनवणाऱ्यांना लागणारे अल्कोहोलही निघत असे. इथेनॉल म्हणजे पर्यावरणाचे पुण्य आणि दुसरे अल्कोहोल म्हणजे मद्याचे पाप, अशी विभागणी करून आम्ही दोन तास टक्केवारीवर वाद घातला. शेवटी, कंपनी मद्य बनवत नसून मद्याचा कच्चा माल बनवते, असा निष्कर्ष निघाला, कारण साखर कंपन्यांच्या समभागांना त्या सुमारास चांगला भाव होता आणि व्यवस्थापकाला तो समभाग हवाच होता. हे इथवर हास्यास्पद आहे, एवढेच.

खरी खंत पुढे आहे. त्या दोन तासांत ऊसतोड कामगारांचा विषय एकदाही निघाला नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका गाजला की २०१९ मध्ये राज्य सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. पाचट, कोयता, उचल, मुकादम, पहाटे निघणारी बैलगाडी, हे सगळे साखरेच्या धंद्याच्या पायाशी आहे. पण ऊस तोडणारी जोडपी मुकादमामार्फत येतात, त्यामुळे ती कंपनीच्या हजेरीपटावर नसतात. हजेरीपटावर नाहीत म्हणून कंपनीच्या अहवालात नाहीत, अहवालात नाहीत म्हणून मानांकन संस्थेच्या तक्त्यात नाहीत, आणि तक्त्यात नाहीत म्हणून आमच्या चर्चेत नव्हती. सामाजिक निकषाच्या रकान्यात आम्ही संचालक मंडळावरील महिलांची संख्या भरली, ती समाधानकारक होती, आणि पुढच्या कंपनीकडे वळलो. तत्त्वे निवडक असतात ती अशी. बऱ्याचदा कोणी लबाडीने निवडत नाही. जे छापील नमुन्यात विचारलेले असते तेवढेच तत्त्व ठरते, आणि नमुना कंपन्यांना भरता येईल असाच बनवलेला असतो.

आपण विचारलेला बँकेचा प्रश्न याच जातीचा आहे. आपल्याकडच्या ईएसजी फंडांच्या फॅक्टशीट, म्हणजे गुंतवणुकीचा तपशील देणारी पत्रके, पाहिल्या, तर वरच्या ओळींत बहुधा मोठ्या खासगी बँका आणि सॉफ्टवेअर कंपन्या दिसतात, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातल्या कंपन्या जशाच्या तशा घेणाऱ्या साध्या निर्देशांक फंडात दिसतात त्याच. बँकेला धुरांडे नसते. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या अहवाल पद्धतीत, जी वरच्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून बंधनकारक आहे, कंपनीला स्वतःच्या जागेतले आणि विकत घेतलेल्या विजेचे उत्सर्जन सांगावे लागते. बाहेरच्या साखळीतले उत्सर्जन सांगणे मात्र ऐच्छिक भागात येते. त्यामुळे बँकेच्या नावावर शाखांतले दिवे, वातानुकूलन आणि जनरेटरचे डिझेल एवढेच चढते. तिच्या कर्जावर उभ्या राहिलेल्या वीजकेंद्राचा धूर वीजकंपनीच्या खात्यात जातो, आणि वीजकंपनी वगळली की पोर्टफोलिओ स्वच्छ दिसू लागतो.

वगळण्याचा उपयोग तरी होतो का? समभाग विकला म्हणजे तो कोणीतरी घेतला, हे शेअर बाजारातले पहिले सत्य आहे, आणि घेणाऱ्याला तो थोडा स्वस्तात मिळतो. तंबाखू, मद्य आणि जुगार यांच्या समभागांनी दीर्घकाळ सरासरीहून अधिक परतावा दिल्याचे अर्थशास्त्रीय संशोधन २००९ मध्येच प्रसिद्ध झाले आहे, म्हणजे सज्जनांनी सोडलेल्या समभागांवर इतरांनी कमाई केली. वेदान्तचेच पाहा. २००७ मध्ये नॉर्वे बाहेर पडला, फेब्रुवारी २०१० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने आपले समभाग विकले, आणि त्यामुळे जगभर चर्चा झाली, हे नाकारता येत नाही. पण लांजीगडच्या कारखान्यासाठी नियमगिरीच्या डोंगरावर होऊ घातलेली खाण थांबली ती आधी पर्यावरण मंत्रालयाने परवानगी नाकारल्यामुळे, आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१३ च्या निकालानुसार भरलेल्या बारा ग्रामसभांनी एकामागून एक ठराव करून खाण नाकारल्यामुळे. त्या डोंगरावर राहणाऱ्या डोंगरिया कोंध आदिवासींकडे कंपनीचा एकही समभाग नव्हता. दुसऱ्या टोकाचे उदाहरण म्हणजे इंजिन नंबर वन हा छोटा अमेरिकी फंड. एक्झॉनचे फक्त ०.०२ टक्के समभाग हातात ठेवून त्याने २०२१ मध्ये मोठ्या पेन्शन फंडांना आपल्या बाजूला वळवले आणि कंपनीच्या संचालक मंडळावर तीन सदस्य निवडून आणले. पुढे एक्झॉन कितपत बदलली यावर वाद होऊ शकतो, पण तो वाद तरी मालकाच्या खुर्चीत बसून घातला गेला.

अनेक जण यात कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा खर्च, म्हणजे सीएसआर, मिसळतात. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. ती शाळेची इमारत असेल किंवा रुग्णवाहिका असेल, तिचे मोल आहेच, पण उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळवले, याविषयी ती काहीच सांगत नाही. फंड निवडताना वार्षिक अहवालातल्या रंगीत छायाचित्रांची ती पाने बाजूला ठेवलेली बरी.

आता आपल्या पैशांविषयी. २०२३ पासून सेबीने ईएसजी योजनांना सहा प्रकारांत विभागले आहे, आणि प्रत्येक योजनेला आपला प्रकार जाहीर करावा लागतो. ‘वगळणूक’ हे धोरण असलेली योजना आणि ‘उद्योगातले उत्तम’ निवडणारी योजना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो मुलाला माहितीपत्रकातून आधी वाचून दाखवायला सांगा. टाटा एथिकल फंडासारखी योजना इस्लामी शरियतच्या निकषांवर चालते, म्हणून तिच्यात व्याजावर चालणाऱ्या बँकाही नसतात. तो निकष आपल्याला पटो वा न पटो, बँका सोडल्यामुळे भारतीय बाजारात काही वर्षे मागे पडावे लागते हे पत्करून तो पाळला जातो, आणि तो आधीच स्पष्टपणे सांगितलेला असतो, हे मला अधिक सरळ वाटते. दुसरे असे की म्युच्युअल फंडांना आता कंपन्यांच्या प्रत्येक ठरावावर मतदान करावे लागते आणि ते मतदान प्रसिद्धही करावे लागते. फंडगृहाच्या संकेतस्थळावर तो तक्ता मिळतो. मागच्या वर्षभरात त्या योजनेने व्यवस्थापनाच्या विरोधात किती वेळा मत दिले, आणि कोणत्या कारणासाठी दिले, एवढेच पाहा. सगळीकडे ‘बाजूने’ असेच दिसले, तर कमी खर्चाचा साधा निर्देशांक फंड घ्या आणि वाचलेल्या शुल्काची रक्कम आपल्याला ज्या कामाची खात्री वाटते त्या कामाला थेट द्या. माझ्या स्वतःच्या पैशांपुरते मी गेली सहा वर्षे असेच करत आलो आहे.